आईचा डावा हात

शेजारून तांदळाच्या उकडीचा वास आला, की करंजाड्याच्या या फ्लॅटमधून मी थेट आईच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहते.

पक्षाघाताने तिचा डावा हात लुळा पडला होता आणि ते तिला ठाऊकच नव्हतं. तिच्या मेंदूपर्यंत ते पोचतच नाही, डॉक्टर म्हणाले होते.

"मना काय झालंय? भाकऱ्या मीच करनार."

उकडीची, हातावर थापायची भाकरी एका हाताने होत नाही. मी तिच्या मागे उभी राहून माझा डावा हात तिच्या काखेखालून पुढे केला. तिच्या तळव्यावरून माझ्या तळव्यावर, थप थप, भाकरी फिरत मोठी होत गेली. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. आईने जन्मात घड्याळ घातलं नव्हतं.

"बघ," ती हसली, "दोनी हात चालतान."

तेव्हा तिची कीव आली होती. आता वाटतं, तो हात तिचाच तर होता.