काडेपेटीएवढं पुस्तक

ओतिलिया लिमाचीच्या टेबलाला दोन बाजू आहेत, असं ती सांगते. खिडकीकडची बाजू कामाची. तिथे लोकांची हस्तलिखितं, लाल पेन आणि पाठीचा कणा मोडलेला शब्दकोश. भिंतीकडची बाजू हौसेची. तिथे खळीची वाटी, कात्री, कापडाचे तुकडे, दोऱ्याची रिळं. ही सीमा तिने एकदा तरी पाळलेली मी पाहिलेली नाही. ती आणि तिची आई राहतात त्याच्या वरच्या मजल्यावर मी वीसेक वर्षं राहते आहे. इतक्या वर्षांत खळीचा ब्रश तिने चहात किती वेळा बुचकळला याला गणती नाही.

"एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात खळ," तिची आई दोन्या फेलिसा म्हणते. "शिंक आली तर नाक कशाने पुसशील गं?"

ओती घरी बसून दुसऱ्यांची पुस्तकं सुधारून देते. कायद्याची, शाळेची, एकदा तर एका निवृत्त कर्नलच्या मधमाश्यांबद्दलचं. वाक्य अडलं की ती पाणी प्यायला उठते. वाटेत कांद्याची सालं दिसतात, आणि ती उकळली तर कापडाला कसला रंग चढेल हे पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली पाणी उतरत नाही. मग त्या कापडाची पिशवी. मग पिशवीला बटण हवं, म्हणून बटणांचा डबा उपडा. तासाभराने ती परत येते आणि अडलेलं वाक्य सुटलेलं असतं. माझा यावर विश्वास आहे. दोन्या फेलिसाचा नाही.

डिसेंबर लागला की भिंतीकडची बाजू सरकत सरकत खिडकीला भिडते, कारण जानेवारीच्या चोवीस तारखेला अलासिताची जत्रा. त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला अख्खं ला पास शहर रस्त्यावर येतं आणि वर्षभरात जे मिळायला हवं ते इवलंसं करून विकत घेतं. बोटभर घर, नखाएवढी मोटार, नवरा हवा असेल तर मातीचा कोंबडा. यातिरी या पुजाऱ्याकडून त्याला धूप द्यायचा, म्हणजे ते वर्षाच्या आत मोठं होऊन दारात येतं. दुसऱ्याने हातात दिलेलं तर हमखास येतं. ओती या दिवसासाठी पुस्तकं बनवते. काडेपेटीएवढी, शिवलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची, आत खरी अक्षरं असलेली. ज्यांना पुस्तक लिहायचं असतं ते घेतात, आणि ज्यांच्या पोरांनी पुस्तक कधी हातात धरलेलं नसतं तेही घेतात.

यंदा मात्र खिडकीकडची बाजू सातुर्नीनो मास्तरांनी व्यापली होती.

मास्तरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या वस्तीच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवला. त्या बँडवर ते कित्येक वर्षं पुस्तक लिहीत होते. छापखान्याच्या मालकीणबाईंनी निक्षून सांगितलं होतं: चोवीस तारखेला पाचच्या आत बाड आलं तर छापीन, दुसऱ्या दिवसापासून यंत्रं शाळेच्या पुस्तकांना लागतात, मग पुढच्या वर्षी. मागच्या दोन्ही खेपांना हेच झालं होतं. मास्तर आता ऐंशीचे, आणि 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांना पूर्वीइतके आवडत नव्हते.

अडचण एकच होती. मास्तरांना सारखं काहीतरी आठवायचं.

"ओती, फोर्तुनातोवर थोडं लिहून आणलंय."

"मास्तर, त्याच्यावर आधीच दोन प्रकरणं आहेत."

"ती तो कसा गेला यावर. हे का गेला यावर आहे."

फोर्तुनातो हा ट्रम्पेटवाला. भर जत्रेच्या तोंडावर तो पलीकडच्या वस्तीच्या बँडमध्ये गेला आणि मास्तरांनी बसवलेली चाल बरोबर घेऊन गेला. याला चाळीस वर्षं झाली. दोघं एकाच बेकरीतून पाव घेतात आणि एकमेकांकडे बघत नाहीत.

"लोक बँडबद्दल वाचायला येतील. तुमचं भांडण वाचायला नाही," ओती म्हणाली.

"बिनभांडणाचा बँड असतो होय?"

"मास्तर, पिशवी भरून आणता," आतून दोन्या फेलिसाचा आवाज आला, "कधी चुकून बटाटे आणत जा."

ओतीने धीर करून विचारलं, "तुमची टाकलेली पानं असतील तर द्या ना. एकावर एक चिकटवून माझ्या पुस्तकांचे पुठ्ठे होतील."

"टाकलेली?" मास्तरांनी पिशवी छातीशी धरली. "माझं एकही पान टाकलेलं नाही."

तेच तर दुखणं होतं.

आठवडा उरला तेव्हा ओती बाडापुढे नुसती बसून होती. पहिलं प्रकरण बँडच्या पहिल्या सभेचं, कुणी कुठली खुर्ची आणली त्याच्या हकिगतीसह. वाचणारा त्या खुर्च्यांतच झोपला असता. शेवटी ती पाणी प्यायला उठली, आणि पाण्याऐवजी भिंतीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"आता काय?" मी विचारलं. कागद दुमडायला मी खाली आले होते.

"मास्तरांना त्यांच्याच पुस्तकाचं छोटं करून देते. काम काही पुरं होत नाही, निदान भेट तरी."

छोट्या पुस्तकात पानं सोळा आणि एका पानावर ओळी तीन. काय घ्यायचं? ती बाड चाळत गेली. खुर्च्या गेल्या, गणवेशाचा वाद गेला, फोर्तुनातो गेला. नवव्या प्रकरणावर ती थांबली आणि मोठ्याने वाचू लागली. "'डोंगरात धुकं उतरलं आणि आमची वाट चुकली. आधी एक ट्रम्पेट वाजला, मग आम्ही सगळेच उभ्या जागी वाजवत राहिलो. आम्हाला गाव सापडेना, तेव्हा गावच आम्हाला शोधत आलं.'"

दोन्या फेलिसा हातातलं गाळणं तसंच धरून दारात उभी राहिली. "हे त्यांनी लिहिलंय?"

"हे पहिलं पान," ओती म्हणाली.

मग बाकीची पंधरा अशी भराभर सापडली, जणू तिथेच उभी होती. जांभळ्या मक्याच्या पाण्यात रंगवलेलं कापड तिने वर चढवलं आणि पिवळ्या दोऱ्याने एवढासा ट्यूबा काढला. पुस्तक तळहातावर ठेवून बघत बसली. मग एकदम उठली, मोठं बाड जमिनीवर पसरलं आणि गुडघ्यांवर रांगत प्रकरणं इकडची तिकडे करायला लागली. नववं पहिलं आलं, पहिलं पार मागे गेलं. फोर्तुनातो कुठेच बसेना, तो बाहेरच राहिला. पुढचे चार दिवस ती जमिनीवरच होती. विक्रीची पुस्तकं मी आणि दोन्या फेलिसाने चिकटवली.

"संपादन ही करते," दोन्या फेलिसा म्हणाली, "आणि बोटं आमची चिकटतात."

बाड तयार झालं. मास्तरांच्या होकाराशिवाय ते छापखान्यात देणं ओतीला पटणार नव्हतं, आणि त्यांना सांगायचं धाडस काही तिला होईना.

चोवीस तारखेला सकाळी गारा पडल्या. आम्ही तिघी जत्रेतल्या आमच्या मांडणीवर प्लास्टिक धरून उभ्या राहिलो. बाराच्या सुमाराला ऊन पडलं आणि गर्दीला भरती आली. तेवढ्यात बँडचा जुना कोट घालून, फुगलेली पिशवी घेऊन मास्तर आले.

"ओती, आनंदाची बातमी! नवं प्रकरण."

ओतीचा चेहरा पडला. ती बोलायला तोंड उघडते तोच चर्चच्या घंटा सुरू झाल्या. त्या क्षणी ला पासमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही. तिने ते जांभळं पुस्तक मास्तरांच्या हातात कोंबलं. दोन्या फेलिसाने त्यांचं कोपर धरून त्यांना यातिरीच्या शेगडीपुढे उभं केलं. धूर झाला, दारूचे थेंब उडाले, फुलांच्या पाकळ्या पडल्या. "मोठं होवो, वर्षात येवो!" यातिरी म्हणाला.

मग कुठे मास्तरांनी चष्मा लावला.

"हे नववं प्रकरण."

"हो."

"पहिलं कसं?"

"तिथे मला तुमचा बँड ऐकू आला, मास्तर."

ते एकेक पान नखाने उलटत गेले. त्यांचा उजवा पाय ठेका धरत होता, पण हे त्यांच्या लक्षात नसावं. सोळावं पान संपलं. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"फोर्तुनातो कुठाय?"

"मावला नाही."

"मोठ्यात मावेल."

"मास्तर, आता धूप दिलाय," दोन्या फेलिसा म्हणाली. "जसं दिलं तस्संच मोठं होतं. माझ्या बहिणीने बिनजिन्याचं दुमजली घर घेतलं होतं. अजून शिडीने चढते बिचारी."

मास्तर यातिरीकडे वळले. "अहो, धूप दिल्यावर आत एखादं पान घालता येतं का?"

"पुढच्या वर्षी दुसरं घ्या," यातिरी वर न बघता म्हणाला. "चला, पुढचे!"

मास्तर एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात काडेपेटीएवढं पुस्तक घेऊन उभे राहिले.

"मोठं बाड इथे मांडणीखाली आहे," ओती हळूच म्हणाली. "याच क्रमाने लावलंय. पाचपर्यंत वेळ आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा पहिल्यासारखं लावून देईन. मग यंदा छापून होणार नाही, पण पुस्तक तुमचं आहे."

एक मुलगी मध्येच घुसली. "कोंबडे आहेत का हो?"

"पुस्तकं आहेत," दोन्या फेलिसा म्हणाली. "कोंबड्यापेक्षा कमी खातात. घेऊन जा."

मास्तरांनी पुन्हा पहिलं पान उघडलं. "'आधी एक ट्रम्पेट वाजला.' तो कुणाचा, ठाऊक आहे? त्या गाढवाचाच. आम्ही सगळे टरकलो होतो. त्याने पहिला सूर लावला."

"म्हणजे तो पहिल्याच पानावर आहे की," ओती म्हणाली. "नुसतं नाव घालायचं राहिलंय."

मास्तरांनी पुस्तक मिटून कोटाच्या खिशात ठेवलं. मग नाकातून हसले. "नको घालूस. डोक्यावर चढून बसेल. आण ते बाड इकडे."

बाड त्यांनी स्वतः उचललं, कुणाला हात लावू दिला नाही. छापखाना तिथून उतारावर, चालत जायच्या अंतरावर. चार पावलं जाऊन ते परत आले आणि पिशवीतलं नवं प्रकरण काढून ओतीपुढे ठेवलं.

"पुठ्ठ्यांना घे."

ओतीने मांडणीवरची खळीची वाटी पुढे ओढली. मास्तर गर्दीत शिरले, आणि पुन्हा मागे वळले.

"शेवटची चार पानं तेवढी दे. पुढच्या वर्षी मला दुसऱ्या भागाचं छोटं करून देशील ना? त्याला लागतील."

ओतीने खालची चार काढून दिली. वरच्या पानाला तिने खळ लावलीसुद्धा होती, आणि यावेळी ब्रश खरोखर वाटीतूनच आला होता.