डावी मूठ

नवरा गेल्यावर बुरुलकानने त्याची मोटारसायकल विकली नाही. मेंढ्यांना लस टोचायला नारीनच्या घाटातून तिलाच जावं लागे. घाटात वळणं घ्यायला शिकवायला दीर एसेनबेक आला, पण त्याचा गाडीवर डोळा होता हे ती ओळखून होती.

"डावीकडे वळायचंय ना वहिनी? मग डावी मूठ पुढे ढकला."

"म्हणजे चाक उजवीकडे, थेट दरीत! मला मारायला निघालात का भाऊजी?"

ती तडक घरी परतली. दुसऱ्या दिवशी सपाट कुरणात एकटीनेच वेग धरून मूठ हळूच ढकलून पाहिली. चाक क्षणभर उजवीकडे गेलं, पण त्यानेच गाडी डावीकडे कलली आणि शहाण्या घोड्यासारखी वळली.

मग घाटातली वळणंही तिने तशीच घेतली. दिराला बोलावून चहा पाजला, आभार मानले. किल्ली मात्र खिशातच ठेवली.