शेजारी कोणी नाही ना?

बागेतल्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा मोबाइल लांब धरून बसले होते. बँकेतली मुलगी व्हिडिओ कॉलवरून त्यांचं खातं उघडत होती.

"आजोबा, मान जरा डावीकडे. आता डोळे मिटून उघडा."

फोटोवाल्यासमोर बसल्यासारखे आजोबा ताठ होऊन सगळं करत होते.

"तुमच्या शेजारी कोणी नाही ना?"

मी चटकन उठून झाडापाशी जाऊन उभी राहिले. हा प्रश्न माझ्या चांगलाच ओळखीचा. बँकांना आणि पैशांच्या अ‍ॅपवाल्यांना कायद्याचा सल्ला देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ग्राहकाला कोणी बाजूला बसून पढवू नये, म्हणून अशा कॉलवर हे विचारायलाच हवं, असं मी कितीदा तरी लिहून दिलं आहे.

"नाही गं," आजोबा म्हणाले. "कोणीच नाही. ही गेल्यापासून..."

"चालेल, धन्यवाद," मुलगी म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. उत्तर नियमात बसलं होतं.

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त पढवणारी माणसं असायची. 'नाही' म्हणताना एखाद्याचा आवाज असा खाली जाईल, हे कधी मनातही आलं नाही. आणि लिहायचे मी घरी, जेवणाच्या टेबलावर; समोरची खुर्ची रिकामी. मला कुणी विचारलं असतं, तर मीही पहिल्याच फटक्यात पास झाले असते.

कॉल संपला. मी निघणार, तेवढ्यात आजोबांनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या, बसा," ते म्हणाले. "आता चालतं."