येळवशीची लांबची वाट

नात औरादच्या कॉलेजात शिकते. मराठीच्या पेपरात एकदा नापास झाली आहे, आणि तोच पेपर आता परत द्यायचा आहे. परवा माझ्यासमोर तुरीच्या शेंगा सोलत म्हणाली, "आज्जी, नियतीचा उपरोध म्हंजे काय, तेवढंच डोक्यात शिरंना झालंय."

मी चौथी शिकलेली. तरी विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय?"

"माणूस एक करायला जातो, अन् त्याच्याच करण्यानं उलटं होतं. वाचणाऱ्याला कळतं, त्याला कळत न्हाई."

"त्यात अवघड काय? मी आन् तुझी धाकटी आज्जी."

धाकटी आज्जी म्हणजे माझी जाऊ. बांधावरची बाभळ तिनं मला न विचारता तोडली, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवतं. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारावीच लागते आणि त्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तिच्या शेताजवळची वाट सोडून ओढ्याकडच्या लांबच्या वाटेनं निघाले. मला हाक मारावी लागू नये म्हणून तिनं पूजेची कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, त्याच वर्षी हलवली होती. ओढ्याकडं. वळणावर समोरासमोर आलो.

"जेवून जावा, अक्का," ती तोंड फिरवून म्हणाली.

जेवले. शेंगा-पाल्याच्या भज्जीत मीठ कमी होतं, तसं सांगितलं.

"तुमच्या जिभंवर बाभळीचे काटे हायत. मीठ कसं लागंल?"

पण आंबिल मी दुसऱ्यांदा मागून घेतली.

मागच्या येळवशीला मुद्दाम लांबच्याच वाटेनं गेले. कोप तिथं नव्हती. तिला मी नकोच असणार, असं धरून चालले.

नात हसायला लागली. "कोप जुन्या जागी हुती, आज्जी. तू जवळच्या वाटेनं येशील म्हणून. दुपारपस्तोर धाकटी आज्जी तुझं ताट झाकून बसली हुती."

"तुला कवा कळलं?"

"तवाच. मी तिथंच जेवले की."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"तू तिचं नाव तरी काढू देतीस का?"

ते खरं आहे. म्हणजे वर्षभर वाचणारी ही होती, आणि न कळणारी मी.

"पेपरात हेच लिही," मी म्हणाले.

"लिहिते. पण येळवस आली जवळ. कुठल्या वाटंनं जायलीस?"

"जवळच्या. जाऊन सांग तिला, कोप हलवू नको म्हणावं. आन् मीठ बघून घाल म्हणावं."