ओढ्याकडची बाजू

मंडईतून हिरव्या हरभऱ्याची गड्डी आणली. घाटे सोलताना बोटं आंबट झाली. ती चाटली आणि मी थेट काकीच्या रानात जाऊन पोचले. तेव्हा आमचं गाव अजून पुण्यात आलं नव्हतं.

हरभरा उपटायचा दिवस होता. मधोमध थोडंच पीक उरलं होतं आणि त्यात ससा दबून बसला होता. पोरं काठ्या आणि कुत्री घेऊन चौफेर उभी होती. मी काकांच्या मागे, श्वास रोखून.

काकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वढ्याकडनं हटा आधी. ती बाजू मोकळी पायजे."

"अगं, पळून जाईल की त्यो!" काका म्हणाले.

"मग जाऊ दे की. पावसाळाभर माळावर असतोय, थंडीला आपल्या हरभऱ्यात येतोय. आता उन्हाळा त्याला वढ्याच्या करवंदीत काढायचाय. तुमच्या ताटात न्हाय."

पोरं हटली. वाळल्या घाट्यांचा खुळखुळाट झाला, तपकिरी काहीतरी उसळलं आणि ओढ्याकाठच्या जाळीत शिरलं. मी हिरमुसले, मला त्याला कुशीत घ्यायचं होतं.

आज त्या ओढ्यावर पार्किंग आहे आणि रानावर आमची सोसायटी. काकी शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहते. सोललेले दाणे तिच्यापुढे ठेवले. एक दाणा तोंडात टाकून तिनं गॅलरीतून खाली पार्किंगकडे बघितलं.

"आपलं रान घेताना," ती म्हणाली, "कुणी एक बाजू सोडली न्हाय गं."