सुधाकरच्या गाडीचा सेल्फ

डोंगरातल्या त्या लष्करी पोस्टवर आमच्याकडे एकच अ‍ॅम्ब्युलन्स होती. ड्रायव्हर नाईक सुधाकर इंगळे, अमरावतीचा. मेकॅनिक मी, हवालदार, हिवरखेडचा. एवढ्या लांब दोघे वऱ्हाडी एकत्र आलो, म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा आणि मी त्याला शिव्या द्यायचो.

पहिल्या बर्फाआधी मी गाडीचा स्टार्टर उतरवला. आम्ही त्याला सेल्फ म्हणतो. चावी फिरवली की त्यातला लहान दातेरी गियर दांड्यावरून पुढे सरकतो आणि इंजिनचे चाक पकडतो. थंडीच्या मुलखात हा दांडा कोरडा ठेवायचा असतो. पण मी काम शिकलो अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये. तिथल्या उन्हात आणि रुईच्या धुळीत एकच नियम होता, जे फिरते त्याला ग्रीस. मी दांड्यावर भरपूर ग्रीस थापले, सेल्फ बसवला आणि लॉगबुकात सही केली.

सुधाकर रोज ०६०० वाजता गाडी गरम करायचा. थंडी वाढत गेली. एका सकाळी तो आला.

"उस्ताद, सेल्फ नुसता घुरघुर करून राह्यला. पकडून नाही राह्यला."

"तुह्यासारखाच आहे. त्याले बी अंथरूण सोडवत नाही."

"मजाक नाही, उस्ताद. एक डाव उघडून पाहा."

"चार डाव चावी मार, पकडते. मी सोता बसवला तो."

मी उघडला नाही.

दोन दिवसांनी, ०६४० वाजता, गस्तीवरचा शिपाई गोपाल घसरून दगडावर पडला. डोक्याला मार होता. त्याला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ठेवले. मी खाली वर्कशॉपमध्ये होतो. रेडिओ सेटवर हॉस्पिटल आणि पोस्टचे बोलणे ऐकू येत होते.

"गाडी निकली? ओव्हर."

"सेल्फ नहीं पकड रहा. ओव्हर."

"जैसे भी हो, लाओ. आउट."

सुधाकरने गाडी उतारावर सोडली, गियर टाकून चालू करायला. आमच्याकडे प्रत्येक ट्रॅक्टरवाला हेच करतो. पण तिथे उतारावर बर्फ होता. ०७०५ वाजता गाडी दरीत गेली. दोघेही गेले.

गाडी वर काढल्यावर सेल्फ मीच उघडला. ग्रीस मेणासारखे गोठले होते. गियर जागचा हलत नव्हता. आजूबाजूला कोणी नव्हते. मी पेट्रोलच्या फडक्याने दांडा पुसला, चकचकीत होईपर्यंत.

चौकशीत मेजरसाहेबांनी विचारले, "स्टार्टर की कंडिशन?"

"ठीक थी, साहब."

निष्कर्ष लिहिला गेला, ड्रायव्हरचा हलगर्जीपणा.

आता मी सत्याहत्तरचा आहे. अकोटला राहतो. या हिवाळ्यात माझ्या जुन्या कारचा सेल्फ तसाच घुरघुरला. अंगणात पोते अंथरले, बॅटरीची तार सोडली, सेल्फ काढला. जुन्या टूथब्रशने काळी पूड झाडली, आतले कार्बनचे ब्रश पाहिले. ते अजून शाबूत होते. दांड्यावर धूळ आणि चिकट तेल बसले होते. पेट्रोलचे फडके त्यावर फिरले आणि पुढचे काम सुचेना. मग दांडा कोरडा करून सेल्फ बसवला. गाडी पहिल्या चावीला चालू झाली.

ती बंद न करता मी अमरावतीला निघालो. सुधाकरची थोरली बहीण, कमलताई, तिथे राहतात. त्यांनी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत मी सगळे सांगितले. त्यांनी गॅस बंद केला.

"माय गेली, त्याले सहा वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "तिनं घरात त्याचा फोटो लावू नाही देला. म्हणे, पराया लेकराले घेऊन मेला."

"ताई, मी लिहून देतो. म्हणाल तिथे."

"मायले कसं वाचून दाखवसान?"

त्यांनी दार उघडे धरले.

मी रेकॉर्ड ऑफिसला लिहिले. इतकी जुनी चौकशीची कागदपत्रे आता उपलब्ध नाहीत, असे कळवले गेले. म्हणून इथे लिहितो.

शिपाई गोपाल. गाडीत ठेवले तेव्हा जिवंत होता.

नाईक सुधाकर इंगळे, ड्रायव्हर. गाडी रोज वेळेवर गरम करत होता. सेल्फ बिघडल्याचे त्याने मेकॅनिकला दोन दिवस आधी सांगितले होते.