आधी पाणी

तपासणी कुठल्याही इमारतीची असो, शिंदे सरांचं पहिलं वाक्य शिपायाला उद्देशून असायचं, "भाऊ, पाणी द्या. दोन ग्लास." दोन्ही गटागट संपवायचे आणि व्हीलचेअरचा ब्रेक काढत मला म्हणायचे, "चल गं. बघू, हे ऑफिस मला सांभाळतं का!"

अपंग माणसाला इमारत नीट वापरता येते का, हे आम्ही दोघं तपासायचो. सर कल्याणचे, मी ठाण्याची. टेप, वही, रॅम्पचा उतार मोजायचं यंत्र, असा सगळा लवाजमा माझ्याकडे. "टेपला तहान लागत नाही," सर हसून म्हणायचे. मला आपलं वाटायचं, म्हातारा मिश्किल आहे.

डोंबिवलीतल्या एका सरकारी कार्यालयात मी आदल्या दिवशी एकटीच जाऊन आले होते. व्हीलचेअरची पाटी लावलेलं स्वच्छतागृह दिसलं, पण दाराला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला, मला घरी जायची घाई. दिलं ठोकून वहीत, 'आहे'.

दुसऱ्या दिवशी सर माझ्या भरवशावर पाणी प्यायले. तासाभराने त्यांनी स्वच्छतागृह उघडायला सांगितलं, तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि छतापर्यंत मोडक्या खुर्च्या! दुसरं होतं ते जिना चढून वर. शिपाई बिचारा धावपळ करत सामान बाहेर काढत होता, तोवर सरांची पँट भिजली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच रडायला लागले. सरांनी खुर्चीला अडकवलेली पिशवी भिजलेल्या मांडीवर ओढून घेतली.

"अगं, रडतेस काय? बत्तीस वर्षं नोकरी केली मी, ऑफिसात घोटभर पाणी प्यायलो नाही. प्यायलो तर जाणार कुठे? म्हणून आता हट्टाने पितो." मग वहीकडे बोट दाखवलं. "पाटीवर कोणी बसतं का गं? खोड ते."

मी 'आहे' खोडून 'नाही' लिहिलं. त्यानंतर त्या दिवसाचा त्यांनी कधी चुकूनही उल्लेख केला नाही. माणूस मोठा होता हो.

सर गेल्या वर्षी गेले. परवा त्याच कार्यालयात फेरतपासणीला एकटी गेले. त्याच शिपायाने न मागता दोन ग्लास पुढे ठेवले.

"मॅडम, ते सर नाय आले?"

"गेले हो ते."

मी दोन्ही ग्लास संपवले. पाटीखालचं दार उघडंच होतं. आत कोरडी फरशी, भिंतीला धरायची दांडी, खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा. कडी लावली आणि पोटभर रडले.

मग डोळे पुसले, वही उघडली आणि लिहिलं, 'आहे'.